बाळ 'त्रास देत नाही' तेव्हा: पोषण कमी पडतंय हे ओळखायचं कसं आणि भरून काढायचं कसं

"आमचं बाळ फार गुणी. बसवलं तिथे बसतं, रडत नाही की हट्ट नाही." अंगणवाडीत वजनाच्या दिवशी एखादी आजी असं कौतुकानं सांगते, तेव्हा माझी नजर आधी त्या बाळाच्या दंडाकडे जाते. दहा महिन्यांचं पोर समोर ठेवलेल्या डब्याकडे झेपावत नसेल, झाकण ओढत नसेल, तोंडात घालत नसेल, तर त्याचं शहाणपण नंतर बघू. आधी त्याच्या पोटात काय जातंय ते बघायला हवं.

अन्न कमी पडलं की लहान मुलाचं शरीर काटकसर करतं, आणि पहिली कात्री हालचालीला लागते. रांगणं, पाडापाडी, नवीन माणसाकडे टक लावून बघणं कमी होतं. मग वजन थांबतं. तेही फार दिवस चाललं तर उंची खुंटते. म्हणून 'बुटका राहिला' हे घरच्यांच्या लक्षात येतं तोवर शिकण्याचे कित्येक महिने हातचे गेलेले असतात. खेळत नाही म्हणून शिकत नाही, आणि गप्प असतं म्हणून मोठी माणसंही त्याच्याशी कमी बोलतात. पोटातल्या भुकेला ही दुसरी भूक येऊन मिळते.

जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. दोन वर्षांत तो ८० टक्क्यांच्या आसपास पोचतो. या काळात बाळ नुसतं पडून असताना त्याच्या शरीराला जी ऊर्जा लागते, त्यातली निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. गरोदरपणाचे २७० दिवस आणि पुढच्या दोन वर्षांचे ७३० मिळून जे हजार दिवस सांगतात, ते यासाठीच. तिसऱ्या वर्षानंतर सगळं संपलं असा याचा अर्थ नाही, पण तेव्हा त्याच कामाला कष्ट जास्त पडतात.

आधी मोजा, आणि नीट मोजा

डोळ्यांना फसायला होतं. वस्तीतली सगळीच मुलं बारीक असली की बारीक मूल 'बरं' दिसतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानानं लुकडी आणि ३६.१ टक्के वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. म्हणजे शेजारच्या मुलाशी तुलना करून काहीच कळत नाही.

तीन मापं लागतात.

*वजन.* कपडे उतरवून, लंगोटही काढून. थंडीत स्वेटरसकट घेतलेलं वजन म्हणजे स्वेटरचं वजन. दर महिन्याला शक्यतो एकाच काट्यावर घ्या.

*उंची.* दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजतात, त्यावरचं उभं करून. झोपवलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलली की आकडा बदलतो. डोकं फळीला टेकलेलं, गुडघे सरळ, आणि धरायला दोन माणसं. एकट्यानं घेतलेल्या लांबीवर मी विश्वास ठेवत नाही.

*दंडघेर.* सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. डावा हात सैल सोडायचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, पट्टी आवळायची नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण (सॅम), ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम (मॅम). पट्टीवर लाल, पिवळा, हिरवा रंग असतोच. ही पट्टी आईलाही वापरता येते, चार वेळा करून दाखवलं की पुरे.

आता हे आकडे माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या तक्त्यात भरून घ्या. अंदाजासाठी सांगते: वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, मुलीचं ८.९. याच वयात मुलगा ७.७ च्या आणि मुलगी ७ किलोच्या खाली असेल तर ते कमी वजन. दोन वर्षांना मुलाची लांबी ८१.७ आणि मुलीची ८० सेंटिमीटरच्या खाली असेल तर खुजेपणा.

पण एका ठिपक्यावर निकाल लावू नका. दर महिन्याचे ठिपके जोडून होणारी रेघ बघा. लहान चणीचं मूल स्वतःच्या रेघेवरून नियमित वर चढत असेल, तर ते तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यातल्या आडव्या पडलेल्या रेघेपेक्षा मला जास्त बरं वाटतं. सलग दोन महिने वजन तिथल्या तिथे राहिलं, की पुढचा महिना वाट बघण्यात घालवायचा नाही.

"आमच्या घरात सगळेच बुटके" हे उत्तर हमखास मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये आणलेले तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांवरून केलेत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. नीट खायला मिळालं, आई अंगावर पाजत असली, आजूबाजू स्वच्छ असली, की सगळीकडची मुलं पहिली पाच वर्षं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. घराण्यावर खापर फोडायचं ते नंतर.

मापांबरोबर विकासाचे टप्पेही कार्डावर बघा. दोन महिन्यांत ओळखीचं हसू, चारपर्यंत मान धरणं, आठ-नऊपर्यंत आधाराविना बसणं, दीड वर्षाच्या आत चालणं, दोन वर्षांना 'आई ये' असे दोन शब्द जोडणं. मुलं पुढेमागे होतात. पण जमत असलेली गोष्ट बंद पडली, बसणारं मूल बसेनासं झालं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

वाटीत नेमकं काय चुकतंय ते शोधा

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नको, मध नको (वर्षाच्या आत तर अजिबात नको), सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नको. गुटीवरून घरोघरी वाद होतात, मला ठाऊक आहे. सहाण, पाणी, उगाळणारा हात यांतून जंतू जातात आणि तेवढं दूध कमी प्यायलं जातं, एवढंच मी आजीला सांगते. तिनं मालिश करावी, त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

खरी घसरण सहाव्या महिन्यानंतर सुरू होते. उष्टावण थाटात होतं आणि दुसऱ्या दिवशीपासून वाटीत येतं वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्किट. बाळाचं पोट किलोमागे साधारण ३० मिलि धरतं, म्हणजे सात किलोच्या बाळाचं सुमारे २०० मिलि. ते पातळ पाण्यानं भरलं की बाळ तृप्त दिसतं, ढेकर देतं, झोपतं. पण मिळालं काहीच नसतं. माझ्या पाहण्यात अन्नाचा पत्ताच नाही अशा घरांइतकीच, डाळ-तांदूळ असूनही वाटी पातळ अशी घरं आहेत.

घट्टपणाची परीक्षा सोपी: चमचा तिरका केला तर घास ओघळून जाता कामा नये. डाळीचं पाणी मोठ्यांनी प्यावं, बुडाची डाळ बाळाला.

किती द्यायचं? सहा महिने पूर्ण झाल्यावर दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, दिवसातून दोन-तीनदा, आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी, तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा, शिवाय मध्ये एक-दोनदा काहीतरी. ही वाटी २५० मिलिची धरलेली आहे. घरातली आमटीची वाटी बहुतेक त्याहून लहान निघते, म्हणून औषधाच्या टोपणानं किंवा पाण्याच्या बाटलीनं एकदा मोजून घ्या. आणि बाळाची वाटी वेगळी ठेवा. आईच्या ताटातून भरवलं की किती गेलं हे कुणालाच कळत नाही.

आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू राहावं. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून नको. त्यात लोह अगदी कमी, आणि पोट भरल्यामुळे जेवण मागे पडतं.

दहा महिन्यांच्या बाळाचा एक दिवस

सकाळी नाचणी सत्त्वाची घट्ट खीर, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं बारीक कूट (अख्खा दाणा नको, घशात अडकतो). मधल्या वेळी कुस्करलेलं केळं किंवा चिकू. दुपारी खिचडी: दोन मुठी तांदळाला एक मूठ मूगडाळ, शिजताना शेवग्याचा किंवा मेथीचा बारीक चिरलेला पाला, वरून चमचाभर तेल किंवा तूप आणि लिंबाचे चार थेंब. संध्याकाळी अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. अंडं चालत नसेल तर घट्ट दही आणि खारकेची पूड. रात्री भाकरी घट्ट वरणात कुस्करून, चोळून. अधूनमधून आणि रात्री अंगावरचं दूध.

कोकणात सुकट किंवा बोंबील भाजून पूड करून खिचडीत घालतात, मीठ आधी धुऊन काढलं तर उत्तम. वर्षाच्या आतल्या बाळाच्या जेवणात वेगळं मीठ-साखर लागत नाही. गूळही नाही. गुळानं आणि बिटानं रक्त वाढतं ही समजूत रंगावरून आली असावी. दोन्हींवर भिस्त ठेवू नका.

तेलाचा तो एक चमचा विसरू नका. पाच ग्रॅम तेलात ४५ कॅलरी असतात, आणि लहान पोटात जागा न अडवता त्या जातात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या आहारातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी हव्यात, नऊ ते अकराला ३००, वर्षानंतर ५५०. तेव्हा एका चमच्याचा हिशेब लहान नाही.

एक जुनी, कामाची युक्ती. खीर घट्ट केली की बाळ गिळत नाही, पातळ केली की दम राहत नाही. अशा वेळी नाचणीला मोड आणून, सुकवून, हलकी भाजून केलेलं पीठ चिमूटभर घ्यायचं आणि खीर उकळती नसून कोमट-गरम असताना त्यात ढवळायचं. मोडामधला घटक पिठाचा गोळा मोडतो आणि पाणी न घालता खीर सैल होते. मोडांमुळे धान्यातलं लोहही थोडं जास्त अंगी लागतं.

आता विविधता. आईचं दूध धरून आठ गट मोजतात: धान्य, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-नारिंगी फळं व हिरव्या भाज्या, इतर फळं-भाज्या. दिवसात किमान पाच गट व्हायला हवेत. भात-वरण-दूध रोज तेच असेल तर पोट भरतं, पण गट तीनच राहतात.

आणि अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार, टीएचआर. तो सहा महिने ते तीन वर्षांच्या त्या मुलासाठी असतो. घरात चौघांत वाटला गेला तर मुलाच्या वाट्याला चिमूट उरते. काही ठिकाणी तो गुरांच्या टोपलीतही दिसतो. चव आवडत नसेल तर परतून, कांदा-टोमॅटो घालून, भाकरीच्या पिठात मिसळून बघा. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी आणि गरोदर-स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण आहे. हक्काचं आहे, मागून घ्या.

लोह आणि बी-१२: न दिसणारी तूट

पूर्ण दिवसांच्या बाळाला आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर वाटीतून लोह आलं नाही तर शरीर उरलंसुरलं रक्ताला देतं, आणि मेंदूला तुटवडा पडतो. म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा खाली येण्याआधीच मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. मूल मंद वाटतं, चिडचिडं होतं, आईच्या पदराला चिकटून राहतं. वर सांगितलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांना रक्तक्षय होता.

आशाताई लोहाचं सिरप देतात: सहा महिने ते पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, एक मिलि. शौचाचा रंग काळा होतो, त्यानं घाबरून बाटली फडताळात जाते. ती काळजी करण्यासारखी गोष्ट नाही. ताप असताना किंवा मूल तीव्र कुपोषित असताना मात्र डॉक्टरांना विचारूनच. जेवणाबरोबर लिंबू, आवळा, पेरू असला की भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. चहा ते अडवतो. लहान मुलाला चहा देऊच नये, बशीतला 'फक्त घोटभर' सुद्धा.

जंतही रक्त खातात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), त्यावर पूर्ण, वर्षातून दोनदा. अंगणवाडीत ती देतात. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून सुरू होतो. तो कार्डावर टिकमार्क करून घ्या.

बी-१२ बद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. ते वनस्पतींत नसतं. आई पूर्ण शाकाहारी असेल, दूध-दहीही जेमतेम घेत असेल, तर तिच्याच अंगात ते कमी आणि दुधातही कमी. फक्त अंगावर पिणारं आठ-दहा महिन्यांचं बाळ गुबगुबीत असूनही निस्तेज होतं, हसणं-बसणं विसरतं, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, केस विरळ-तांबूस होतात, हात थरथरतात. वेळेत ओळखलं तर बी-१२ दिल्यावर ते झपाट्यानं सुधारतं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा माग ठेवला आहे. गरोदरपणी ज्या आयांचं बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. त्यामुळे बाळाची वाटी बघताना आईचं ताटही बघा. ती शेवटी, उरलेलं जेवते का?

याच अभ्यासातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी: आपली बाळं वजनानं लहान असतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं राखलेली असते. म्हणून लुकड्या मुलाला साखर-तूप-लाडवांनी 'जाडं' करणं हा उपाय नव्हे. पुढे मधुमेहाची वाट तिथूनच जाते. डाळ, अंडं, दूध, भाजी यांनी वाढू द्या.

भरवणं आणि खेळणं एकाच ताटात

जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅग्रेगर आणि सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुज्या मुलांचे गट केले. काहींना दोन वर्षं दर आठवड्याला दुधाची पूड, काहींच्या घरी आठवड्यातून तासभर कार्यकर्ती जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सुरुवातीला दुधाचा आणि खेळाचा, दोन्हींचा उपयोग दिसला. पण वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता, ती मुलं इतरांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या दुधाचा तेवढा फायदा टिकला नव्हता. खेळणी तिथली, घरात सापडेल त्यातून केलेली होती.

आपल्याकडे आरोग्याच्या खात्यानं वजन बघायचं आणि बालवाडीनं खेळ, अशी वाटणी होऊन बसली आहे. घरात ती वाटणी करायचं कारण नाही. भरवताना बाळाला समोर बसवा, मांडीत आडवं नको. घास दाखवा, नाव सांगा, त्याच्या तोंड उघडण्याची वाट बघा. एक घास त्याच्या हातात द्या. सांडेल, केसांत जाईल, सांडू दे. नाक दाबून, पाय धरून भरवलेलं अन्न बाळ लवकरच नाकारायला शिकतं. मोबाइल लावून भरवलेलं अन्न पोटात जातं, पण बाळाला आपलं पोट भरल्याचं कळत नाही आणि आईचा चेहराही दिसत नाही.

खेळायला दोन पातेली, झाकणं, लाकडी चमचा, चिंध्यांचा चेंडू, बंद बाटलीत तूरडाळ घालून केलेला खुळखुळा (बूच घट्ट, वर चिकटपट्टी). दीड वर्षाच्या मुलाला लसणाच्या पाकळ्या आणि कांदे वेगळे करायला द्या, तासभर निघतो. शेतात किंवा कामावर जाणाऱ्या आईला 'खेळायला वेळ काढा' सांगणं मला शोभत नाही. पण आंघोळ, कपडे, भाकरी थापणं हे सगळं बोलत बोलत होतं. आणि आजोबा, बाप, मोठी बहीण यांनाही तोंड असतं.

आजारपणातली आणि नंतरची वाटी

हगवण लागली की "पोटाला विश्रांती द्या" म्हणून जेवण बंद करतात, आणि दर हगवणीत रेघ थोडी खाली येते. पावसाळ्यात तीन वेळा असं झालं की दिवाळीपर्यंत मूल पिवळ्या पट्टीत. अंगावर पाजणं चालूच ठेवा, ओआरएस द्या, झिंक १४ दिवस द्या (सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०). जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरी झिंकच्या गोळ्या संपवायच्या. थोडं थोडं, जास्त वेळा भरवा. बरं झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जादा वाटी, झिजलेलं तेव्हाच भरून येतं. भरवणाऱ्याचे आणि बाळाचे, दोघांचे हात साबणानं धुवा. अंगणातल्या कोंबड्यांची विष्ठा रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते, तेवढी जागा रोज झाडली तरी फरक पडतो.

घरी थांबायचं नाही असे क्षण

दंडघेर ११.५ च्या खाली. दोन्ही पावलांवर सूज, अंगठ्यानं तीन सेकंद दाबलं तर खड्डा राहतो. मूल दूध ओढत नाही, हाक मारली तरी सुस्त. अंग गार. ताप किंवा धाप. सूज असलेलं मूल गोलमटोल दिसतं आणि त्याच्या वजनाचा काटाही खोटं बोलतो, म्हणून सांगितलं. अशा मुलाला घरी तुपाचा शिरा चारू नका. उपाशी राहिलेलं शरीर एकदम आलेलं अन्न पेलू शकत नाही, जीव धोक्यात येतो. अशा मुलांसाठी रुग्णालयात असलेल्या पोषण पुनर्वसन केंद्रात म्हणूनच आधी हलकं, मोजून केलेलं दूध दर दोन-तीन तासांनी देतात, रक्तातली साखर आणि अंगाची ऊब सांभाळतात, आणि भूक परत आल्यावरच घट्ट आहाराकडे वळतात.

केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं, आणि बहुतेक आया याच आकड्याला अडखळतात. घरी दुसरं लेकरू, शेतात कापणी. बुडालेल्या मजुरीपोटी आईला भरपाई मिळते, ती मागा. जाण्याआधीच मागे कोण राहणार हे आशाताईसमोर घरच्यांकडून ठरवून घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी निरोप येतो आणि मूल अर्ध्यावर घरी येतं. गुंतागुंत नसलेल्या, भूक चांगली असलेल्या मुलासाठी गावातच अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालतं. तिथे दिवसभरात अनेक वेळा खायला घालतात, आई रात्री घरी असते.

सुटी मिळताना कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: घरी जातानाचं वजन, दंडघेर आणि पुढच्या तपासणीची तारीख. पंधरा पंधरा दिवसांनी जायचं असतं. पहिल्या फेरीत वजन पन्नास-शंभर ग्रॅमनं उतरलेलं दिसलं तर आईला रागावू नका. पंधरा दिवसांत किती दिवस कामाला जावं लागलं, आणि ती नसताना बाळाची वाटी कोणाच्या हातात होती, ते विचारा.